आधी दार ओढून घेतलं, मग गळा धरला: संशय, हिंसा आणि उत्क्रांतीचा दाखला

जोडप्यांच्या समुपदेशनात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या हकिकतींचे धागे एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. ते कुठल्याही एका घराचं नाही आणि कोणाची ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही. लिहावंसं वाटलं ते एका वाक्यामुळे. बायकोवर हात उचललेले पुरुष हल्ली हे वाक्य तोंडपाठ करूनच येतात: "हे पुरुषाच्या रक्तातच असतं, विज्ञानच सांगतं." कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं असतं. पण ते निव्वळ थाप म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्यामागे खरं संशोधन आहे आणि त्यातलं काही चांगलं भक्कम आहे. म्हणून हे संशोधन एका प्रकरणाला लावून बघायचं. ते कुठे चपखल बसतं, कुठे तोकडं पडतं आणि त्या नवऱ्याला हवी असलेली सूट ते खरंच देतं का, हे तपासायचं.

हकिकत

नवरा छत्तिशीचा, बायको तेहेतीस वर्षांची. लग्नाला आठ वर्षं झालेली, पाच वर्षांची एक मुलगी. दोघंही नोकरी करणारी. वर्षभरापूर्वी नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याच सुमारास बायकोला बढती मिळाली. घराचा हप्ता तिच्या पगारातून जायला लागला. तोवर दोघांत कुरबुरी होत्या, पण संशय नव्हता.

संशय फोनपासून सुरू झाला. ती शेवटची ऑनलाइन कधी होती, मेसेज वाचूनही उत्तर का दिलं नाही, रात्री अकरा वाजता कोणाला 'टायपिंग' चाललंय. आधी प्रश्न, मग पासवर्डची मागणी. नंतर लोकेशन कायम चालू ठेवायची अट. ऑफिस सुटण्याची वेळ आणि घरी पोचण्याची वेळ यांतल्या मिनिटांचा हिशेब तो मांडायला लागला. तिच्या मैत्रिणीला परस्पर फोन करून "ही तुझ्याबरोबरच होती ना?" अशी खात्री करून घ्यायला लागला. कपड्यांवर शेरे सुरू झाले. मध्येच एखाद्या दिवशी तो तिच्यासाठी महागडी भेट आणायचा, रडायचा, पाया पडायचा. "तू सोडून गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करून घेईन," असंही दोनतीनदा म्हणून झालं.

त्या रात्री ती आंघोळीला गेली असताना त्यानं तिचा फोन उघडला. बरोबर काम करणाऱ्या एका माणसाचा मेसेज होता: "आज तू नसतीस तर माझी वाट लागली होती." ती बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तू नसतीस तर म्हणजे?" ती म्हणाली, "अरे, कामाचं आहे." आवाज चढले. तो उठला, मुलगी झोपली होती त्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि परत आला. तिचा फोन भिंतीवर फेकला. तिला कपाटावर ढकललं आणि काही क्षण तिचा गळा धरला. मग सोडलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याचं म्हणणं एवढंच होतं: "मला भानच राहिलं नाही."

त्याच दुपारी तो एका मुलाखतीला गेला होता. समोर त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान अधिकारी. त्यानं याचा कागद वाचता वाचता चारचौघांत टोमणा मारला. यानं हसून "थँक यू, सर" म्हटलं आणि निघून आला. हे त्यानंच सांगितलं, सहज, दुसऱ्या कशाच्या तरी ओघात. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या दोन गोष्टींपैकी ही एक. दुसरी, ओढून घेतलेलं दार.

सिद्धांताच्या आधी गळा

कारणमीमांसा थांबू शकते, धोका थांबत नाही. म्हणून आधी तेवढं.

गळा धरणं म्हणजे 'थोडी झटापट' नव्हे. २००८ साली नॅन्सी ग्लास आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शहरांमधल्या प्रकरणांचा अभ्यास मांडला. जोडीदारानं पूर्वी कधीतरी गळा आवळला असेल, तर त्याच्याच हातून पुढे जीव जाण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. बाहेरून गळ्यावर खूणही नसते, आत मात्र सूज चढत असते किंवा रक्तवाहिनीला इजा झालेली असते. म्हणून आवाज बसणं, गिळायला त्रास, चक्कर यांतलं काहीही नसलं तरी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं जातं. इथेही तेच झालं.

जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक. धोक्याचा अंदाज घेण्यासाठी त्यांनी १९८०च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरात आहे. गळा धरला होता का, घरात शस्त्र आहे का, मारून टाकण्याची धमकी दिली का, आत्महत्येची धमकी दिली का, रोजच्या बारीकसारीक गोष्टींवर ताबा ठेवतो का, एवढ्यात सोडून जायचा विषय निघाला होता का. आपल्या प्रकरणात यांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' होती. त्यामुळे दोघांना समोरासमोर बसवून बोलणं लगेच बंद केलं. नवऱ्यासमोर बायको खरं सांगेल, आणि त्या खऱ्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागणार नाही, असं धरून चालणं हा समुपदेशकाचा भाबडेपणा ठरतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

त्याचा दाखला काय म्हणतो

आता "रक्तातच असतं" या दाव्याकडे.

१९७२ साली जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलेली कल्पना याच्या मुळाशी आहे. नर आणि मादी पिल्लासाठी जेवढी गुंतवणूक करतात, तिच्यातल्या फरकातून दोघांच्या वागण्यातले पुष्कळ फरक येतात. सस्तन प्राण्यांत गर्भ मादीच्या पोटात वाढतो. मूल आपलं आहे का, हा प्रश्न आईला पडतच नाही; बापाला पडू शकतो. बहुतेक सस्तन प्राण्यांचे नर पिल्लांसाठी काहीच करत नाहीत, त्यामुळे त्यांचं फारसं बिघडत नाही. माणसाचं तसं नाही. माणसाचा बाप वर्षानुवर्षं पोसतो, राखतो, शिकवतो. एवढं सगळं दुसऱ्याच्या मुलासाठी करून बसला, तर उत्क्रांतीच्या हिशेबात तो बुडाला. ज्या पुरुषांना या शक्यतेची धास्ती वाटली आणि जे सावध राहिले, त्यांचा वंश पुढे जास्त टिकला असणार. मार्गो विल्सन, मार्टिन डेली आणि सुझन वेगहॉर्स्ट यांनी १९८२ साली हाच धागा पकडून पुरुषांच्या लैंगिक मत्सरावर लिहिलं. पती-पत्नींमधल्या खुनांचे तपशील जिथे जिथे पाहिले तिथे पुरुषाचा संशय, किंवा बायको सोडून चालल्याचा राग, हे कारण वारंवार पुढे आलं, असं त्यांनी दाखवलं.

उत्क्रांतीच्या अंगानं मनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांचं काम या नवऱ्याच्या वागण्याशी सर्वांत जवळून जुळतं. १९८८ मध्ये आणि पुढे टॉड शॅकलफर्ड यांच्याबरोबर १९९७ मध्ये त्यांनी माणसं जोडीदाराला राखण्यासाठी काय काय करतात याची मोजदाद केली. दुसऱ्या अभ्यासात १०७ विवाहित जोडपी होती. पाळत ठेवणं, जोडीदाराचा वेळ व्यापून टाकणं, भेटी देणं, गयावया करणं, भावनिक धाक घालणं, प्रतिस्पर्ध्याला धमकावणं आणि शेवटी मारहाण, हे सगळं त्यांनी एकाच यादीत ठेवलं. सिद्धांताची खरी ताकद मला इथे दिसते. या बायकोनं पहिल्या भेटीत विचारलं होतं, "जो माणूस माझ्या पाया पडतो तोच माझा गळा धरतो, मग यातला खरा कोणता?" दोन्ही खरे. भेटवस्तू, अश्रू, लोकेशनची अट आणि गळ्यावरचा हात या चारही गोष्टींचं काम एकच आहे: ती जाऊ नये. हे उमगल्यावर भेटवस्तूला 'सुधारणा' समजणं थांबतं. तिच्यासाठी हा फार मोठा बदल होता आणि तो उत्क्रांतीच्या चौकटीतून आला, हे मान्य केलंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट ही चौकट चांगली उलगडते. पुरावे देऊन संशय का शमत नाही? हिनं फोन उघडून दाखवला, मैत्रिणीशी बोलणं करून दिलं, त्या सहकाऱ्याच्या बायकोचीही ओळख करून दिली. तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. रँडॉल्फ नेस यांनी अशा भावनांची तुलना धुराच्या अलार्मशी केली आहे. पोळी करपली तरी वाजणारा अलार्म त्रासदायक, पण खऱ्या आगीत गप्प बसणारा जीवघेणा. म्हणून अलार्म जरा जास्तच हळवा बनवतात. मार्टी हॅसल्टन आणि बस यांनी २००० साली हाच मुद्दा नर-मादी संबंधांतल्या चुकीच्या अंदाजांबद्दल मांडला: दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नसेल, तर मन स्वस्त चुकीकडे झुकतं. संशयखोर मनाला खोटा इशारा परवडतो, हुकलेला इशारा परवडत नाही.

आणि इशारे खोटेच असतात, बहुतेकदा. कर्मिट अँडरसन यांनी २००६ साली पितृत्व-चाचण्यांचे जगभरातले आकडे एकत्र केले. आपणच बाप आहोत याची ज्यांना खात्री होती अशा पुरुषांत ही खात्री चुकीची ठरण्याचं प्रमाण सुमारे १.७ टक्के निघालं. जे आधीपासून साशंक होते आणि मुद्दाम चाचणीला गेले, त्यांच्यातही सुमारे ७० टक्के पुरुष त्या मुलांचे खरे बापच होते. मार्टेन लार्मुझो यांनी पश्चिम युरोपातल्या वंशावळी गुणसूत्रांशी ताडून पाहिल्या, त्यात कित्येक शतकांमध्ये हे प्रमाण पिढीमागे एक टक्क्याच्या आसपासच आढळलं. अलार्मचा कर्कशपणा पाहिला तर आग फारच क्वचित लागते.

दाखला कुठे अडखळतो

या नवऱ्याला मी विचारलं, मुलगी तुमची आहे याबद्दल कधी शंका आली? तो दुखावला. "काहीतरीच काय? नाक बघा तिचं." पितृत्वाची शंका त्याच्या मनाला शिवलीही नव्हती.

यावर सिद्धांताच्या बाजूनं उत्तर आहे आणि ते योग्य आहे. एखादी भावना का उत्क्रांत झाली हा एक प्रश्न, आणि ती वाटताना माणसाच्या मनात काय असतं हा दुसरा. भूक लागलेला माणूस शरीराच्या ऊर्जेचा हिशेब करत बसत नाही. तेव्हा नवऱ्याच्या मनात मुलाचा विचार नव्हता, एवढ्यावरून सिद्धांत पडत नाही. पण मग त्याच्या मनात होतं तरी काय? तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तऱ्हेनं तो एकच गोष्ट बोलला: "तिला तो माझ्यापेक्षा हुशार वाटतो का?" "माझी वाट लागली होती तेव्हा मला ती असं म्हणाली का?" "आता मी आहेच कोण?" त्याला अंथरुणापेक्षा जास्त सलत होती स्वतःची घसरलेली किंमत. तिच्या लेखी आपण उरलो नाही, ही ती भीती.

बस आणि सहकाऱ्यांचा १९९२चा प्रसिद्ध अभ्यास इथे अपुरा पडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रसंग कल्पायला सांगितले: जोडीदारानं दुसऱ्याशी शरीरसंबंध ठेवला, किंवा दुसऱ्यात मन गुंतवलं. जास्त क्लेशकारक काय? ६० टक्के पुरुषांनी शरीरसंबंध निवडला, स्त्रियांपैकी फक्त १७ टक्क्यांनी. व्हिडिओंमधून फिरतो तो हाच आकडा. मात्र ४० टक्के पुरुषांनी दुसरं उत्तर दिलं होतं, हे कोणी सांगत नाही. बस यांनी ब्राम बुंक यांच्याबरोबर १९९६ मध्ये नेदरलँड्स आणि जर्मनीत हाच प्रश्न विचारला, तेव्हा स्त्री-पुरुषांतला फरक टिकला पण बारीक झाला. डेव्हिड डिस्टेनो यांच्या गटानं २००२ साली एक साधा बदल केला. लोकांना डोक्यात आकडे धरून ठेवायला लावलं, म्हणजे नीट विचार करायला सवड मिळणार नाही, आणि मग प्रश्न विचारला. स्त्रियांची उत्तरं पुरुषांसारखी झाली. सवडीनं विचार करताना फरक दिसतो आणि घाईत तो नाहीसा होतो, तर तो जन्मजात झटक्याचा पुरावा कसा मानायचा? ख्रिस्तीन हॅरिस यांनीही असेच आक्षेप घेतले. केनेथ लेव्ही आणि क्रिस्टन केली यांना २०१० मध्ये आढळलं की नात्यात जवळीक टाळणारी माणसं, मग ती स्त्री असोत की पुरुष, शरीरसंबंधाच्या प्रसंगाकडे जास्त झुकतात. स्त्री की पुरुष एवढ्यावर सगळं ठरत नाही.

बायकोला मी हाच प्रश्न वेगळ्या संदर्भात विचारला. लग्नाच्या सुरुवातीला नवऱ्याची एक जुनी मैत्रीण होती आणि तिच्यावरून हिला बराच त्रास झाला होता. ती म्हणाली, "त्याच्या आईच्या आजारपणाबद्दल त्यानं तिला आधी सांगितलं, मला नंतर. ते फार लागलं." इथवर पुस्तकातल्यासारखं. मग तिनंच पुढे जोडलं, "आणि झोपला असता तिच्याबरोबर, तर मी त्याच दिवशी घर सोडलं असतं." म्हणजे जास्त दुखलं काय आणि नातं तोडायला लावलं असतं काय, ही दोन वेगळी उत्तरं. 'दोनांतलं एक निवडा' अशा प्रश्नात ती मावत नाहीत.

याच दिशेनं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम ब्रुक स्केल्झा यांचं आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अकरा वेगवेगळ्या समाजांतल्या हजाराहून अधिक लोकांना जोडीदाराच्या परक्या संबंधांबद्दल विचारलं. ज्या समाजांत बाप मुलांसाठी जास्त खर्ची पडतो, तिथे प्रतिक्रिया अधिक तीव्र होती. जिथे कमी, तिथे सौम्य. नामिबियातल्या हिंबा समाजात त्यांच्याच गटाला ४८ टक्के मुलांचा जैविक पिता आईच्या नवऱ्याहून वेगळा आढळला. नवऱ्यांना हे ठाऊक असतं, घरंही चालू असतात. हे निष्कर्ष उत्क्रांतीच्या विरोधात मुळीच जात नाहीत. गुंतवणुकीचा नियम उलट त्यांतून बळकट होतो. पण "पुरुष म्हटला की असाच" या वाक्याचा पाया ते काढून घेतात. वारशानं आलेलं आहे ते परिस्थिती बघून कमीजास्त होणारं काहीतरी. एकच ठरलेली प्रतिक्रिया नव्हे.

भान राहिलं नाही?

इथवर मत्सर. हिंसा हा वेगळा प्रश्न, आणि दोन्ही एकाच दमात बोलण्यानंच सगळा घोटाळा होतो.

डेली आणि विल्सन यांनी १९८८च्या त्यांच्या पुस्तकात बायकोच्या खुनाला लाभाचं वागणं मानलं नाही. ज्या स्त्रीला राखायचं तिलाच मारून काय साधतं? त्यांच्या मते धाक दाखवून ताबा ठेवणं हे साधन आहे आणि खून म्हणजे त्या जीवघेण्या खेळात टोकाला गेलेली पायरी. बस यांनी पुढे जोशुआ डंटली यांच्याबरोबर याहून पुढची मांडणी केली: माणसाच्या मनात खुनासाठीच घडलेल्या यंत्रणा आहेत. मला ती पटत नाही. जी गोष्ट इतकी विरळा घडते आणि करणाऱ्यालाही बहुतेकदा बुडवते, तिच्यासाठी वेगळी यंत्रणा कल्पण्यापेक्षा धाकाचा हिशेब चुकला असं म्हणणं कमी गृहीतकांत भागतं.

धाक हे साधन असेल, तर ते कुठे वापरायचं आणि कुठे नाही याचा अंदाजही त्याच मनात असला पाहिजे. उत्क्रांतीच्या अभ्यासकांचा हाच आग्रह असतो: आक्रमकता खर्च बघून वागते. समोरचा किती ताकदवान, बघणारे कोण, उलट काय भोगावं लागेल. आता या नवऱ्याचा तो दिवस बघा. दुपारी अपमान झाला. अपमान खरा होता, साक्षीदार होते, अपमान करणारा पुरुष होता आणि वयानं लहान होता. पुरुषांमधल्या प्रतिष्ठेच्या भांडणांबद्दल या विषयात जे लिहिलं जातं त्याचे सगळे घटक तिथे हजर होते. मार्विन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियातल्या १९४८ ते १९५२ मधल्या खुनांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत मोठा गट, सुमारे ३७ टक्के, 'क्षुल्लक कारणावरून झालेल्या वादावादी'चा निघाला. असा अपमान गिळून यानं "थँक यू, सर" म्हटलं. रात्री घरात, जिथे बघणारं कोणी नाही आणि उलट हात उगारणारं कोणी नाही, तिथे "भान राहिलं नाही". पण भान नसलेला माणूस मुलीच्या खोलीचं दार ओढून घेत नाही. यानं स्वतःचा फोन सोडून तिचाच फोन फोडला, हेही तसंच. राग खरा होता, उसळलेला होता. पण त्या रागाला दारं कळत होती.

म्हणून मी म्हणते की उत्क्रांतीचा दाखला नीट वाचला, तर तो या नवऱ्याची बाजू घेत नाही. तो त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. खर्च बघून वागणारी गोष्ट आवरता येते, कारण खर्च बदलता येतो.

खर्च बदलला की काय होतं याचे आकडे आहेत. डेली आणि विल्सन यांनी शिकागो आणि इंग्लंड-वेल्स इथल्या खुनांचे वयानुसार आलेख शेजारी ठेवले. आकार जवळजवळ सारखा: दोन्हीकडे तरुण पुरुषांचा सुळका. उंची मात्र शिकागोत सुमारे तीसपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय अभ्यासात जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण ठिकाणानुसार १५ टक्क्यांपासून ७१ टक्क्यांपर्यंत होतं. जपानमधल्या एका शहरात सर्वांत कमी, इथिओपियाच्या ग्रामीण भागात सर्वांत जास्त. दोन्हीकडचे पुरुष एकाच प्रजातीचे, सारख्याच पूर्वजांचे. आलेखाच्या आकाराचं स्पष्टीकरण उत्क्रांती देईल. उंचीचा जाब कायदा, शेजारी, माहेर, पोलीस, पैसा आणि बाईला घराबाहेर पडायला असलेली वाट यांनाच विचारावा लागेल.

कायद्यानं ही सूट फार काळ दिली, हे या नवऱ्याला ठाऊक नसेल, पण त्याच्या वाक्यामागे तीच जुनी सवलत बोलते. १७०७ साली इंग्लंडमधल्या एका निवाड्यात न्यायमूर्ती होल्ट यांनी मत्सराला पुरुषाचा संताप म्हटलं आणि परस्त्रीगमनाला मालमत्तेवरचं सर्वांत मोठं आक्रमण. मालमत्तेवरचं! त्याच इंग्लंडनं २००९च्या कायद्यानं चिथावणीचा जुना बचाव रद्द केला आणि जोडीदाराचे परक्याशी असलेले लैंगिक संबंध हे ताबा सुटण्याचं कारण म्हणून धरायचे नाहीत, असं लिहून टाकलं. पुढे न्यायालयानं त्याचा अर्थ थोडा सैल केला, तरी तीनशे वर्षांत पुरुषाची जनुकं बदलली नव्हती, सवलत बदलली.

नवऱ्यानं आणखी एक गोष्ट पुढे केली, तीही टाळता येणार नाही. "लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनंही मला थोबाडीत मारली होती." बायकोनं ते नाकारलं नाही. जॉन आर्चर यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा जोडीदारावर हात उचलण्याच्या बाबतीत स्त्रिया पुरुषांपेक्षा किंचित पुढेच दिसल्या. पण जखमी झालेल्यांत ६२ टक्के स्त्रिया होत्या. शिवाय निव्वळ कृती मोजल्यानं भीती मोजली जात नाही. त्या थोबाडीनंतर नवऱ्यानं घरी यायची वेळ बदलली नाही, कपडे बदलले नाहीत, झोपताना फोन उशाखाली ठेवला नाही. बायकोनं हे सगळं केलं. थोबाडीत मारणं चूकच होतं आणि तिला तसं सांगितलंही. दोन्हीची बरोबरी मात्र होत नाही.

पुढे काय केलं

नवऱ्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. संशय कधी कधी भ्रमाच्या पातळीला गेलेला असतो, विशेषतः दारूच्या जोडीनं, आणि तिथे बोलण्यानं भागत नाही, औषधं लागतात. इथे तसं निघालं नाही. तो पीत नव्हता, मेसेज कामाचा होता हे शांतपणे बोलताना मान्य करत होता. नैराश्य होतं, त्यावर उपचार सुरू झाले.

त्याच्याबरोबरच्या सत्रांत आम्ही ती रात्र तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा मांडली. कुठे उभे होतात, हात कुठे होता, मग काय केलंत. दारापाशी आलो.

"दार का लावलंत?"

बराच वेळ गेला. "तिनं बघू नये म्हणून."

"म्हणजे काय होणार ते माहीत होतं."

त्यानं मान हलवली. त्या दिवसानंतर 'भान' हा शब्द त्यानं वापरला नाही. संशयाची लाट येते तेव्हा बायकोकडे पुरावा न मागता ती लाट काही मिनिटं सोसायची, फोनला हात न लावता घराबाहेर पडायचं, आणि मूळ प्रश्न, म्हणजे "आता मी आहेच कोण", तो तिच्या फोनमध्ये न शोधता नोकरीच्या, बापपणाच्या, मित्रांच्या बाजूनं शोधायचा, असं काम चाललं. लाट येऊच नये असं मी त्याला कधीच सांगितलं नाही. ती येणारच.

बायकोबरोबरचं काम वेगळं होतं. कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोख रक्कम आणि दुसरा फोन एका विश्वासाच्या व्यक्तीकडे ठेवणं. लोकेशन एकदम बंद न करणं, कारण अचानक बंद केलं की तोच इशारा ठरतो. तिनं वेगळं राहायचं ठरवलं, तेव्हा तारीख फक्त तिला आणि मला माहीत होती. विल्सन आणि डेली यांनी १९९३ साली कॅनडा, ऑस्ट्रेलियाचं न्यू साउथ वेल्स राज्य आणि शिकागो इथल्या खुनांच्या नोंदी पाहिल्या होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या स्त्रियांना त्याच्याकडून असलेला जिवाचा धोका एकत्र राहणाऱ्यांपेक्षा जास्त होता, आणि वेगळं झाल्यानंतरचे सुरुवातीचे महिने सर्वांत वाईट. 'गेली आणि सुटली' असं मानणाऱ्या नातेवाइकांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

ती मुलीला घेऊन गेली. पहिल्या आठवड्यात त्याचं लांबलचक माफीपत्र आलं. दुसऱ्या आठवड्यात एक ओळ: "तिथे अजून कोण कोण असतं?" तिनं ती मला दाखवली आणि उत्तर दिलं नाही. त्यानं पुढच्या सत्रात आपणहून त्या ओळीचा विषय काढला.

सध्या तो मुलीला दर आठवड्याला भेटतो, तिसऱ्या व्यक्तीच्या हजेरीत. त्याला छोटी का होईना नोकरी लागली आहे. आता जोडीनं सत्रं घ्या, असा त्याचा आग्रह आहे आणि दोन्हीकडची मोठी माणसं त्याला दुजोरा देतात. बायको म्हणते, इतक्यात नाही. मीही ती सुरू केलेली नाहीत. तिच्या दिवसाचा हिशेब न मागता तो सलग बरेच महिने राहू शकतो का, हे आधी दिसायला हवं; आणि ते दिसलं तरी एकत्र बसायचं की नाही, हे ठरवणार ती.